बागेतले लाकूड, घरातला धूर आणि आपले निदान

श्वास-कासाच्या रुग्णाचे पत्रक लिहिताना आपण सर्वजण व्यसनांच्या रकान्यात विडी, तंबाखू, मद्य यांची चौकशी करतो. स्त्रीरुग्ण असेल तर त्या रकान्यात बहुधा एक आडवी रेघ ओढली जाते आणि आपण कोष्ठाच्या प्रश्नाकडे वळतो. प्रस्तुत लेख त्या आडव्या रेघेविषयी आहे.

पन्नाशी उलटलेली, आयुष्यात विडीला स्पर्श न केलेली स्त्री जिना चढताना धापते. सकाळी घट्ट, चिकट कफ पडतो. डोळ्यांची आग होते, नाकाला वास येईनासा होतो. आपण सितोपलादी देतो, वासावलेह देतो, कंटकारी अवलेह देतो, शीतकाळी च्यवनप्राश सुचवितो. पंधरा दिवसांनी ती ‘थोडा फरक आहे’ म्हणते आणि महिन्याने पुन्हा तेथेच असते. अशा वेळी मी अनेक वर्षांपासून एक प्रश्न आवर्जून विचारीत आलो आहे : ‘आंघोळीचे पाणी कशावर तापवता?’ घरात गॅसची शेगडी असतेच, त्यामुळे ‘स्वयंपाक कशावर करता’ या प्रश्नाचे उत्तर निरुपयोगी ठरते. पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र बोलके असते. मागील दारी बंब आहे, किंवा तीन विटांची चूल आहे. आणि जळण? ‘अंगणातला गुलमोहर छाटला ना, त्याचेच पुरते आहे.’

हे चित्र केवळ दरिद्री घरांतले आहे असे कोणी समजू नये. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, त्या वेळच्या औरंगाबादेत, दिली गेली. जोडणी मिळणे आणि ती रोज वापरली जाणे यांत मात्र अंतर आहे. सिलिंडर चहाला व भाजीला, आणि पाणी, डाळ, भाकरी व जनावरांचे आंबोण लाकडावर, अशी विभागणी असंख्य घरांत आहे. बंगल्यात राहणारी सुस्थित मंडळीही ‘फांद्या फुकट का घालवायच्या’ म्हणून त्या बंबात घालतात. काटकसर हा सद्गुणच आहे. येथे त्या काटकसरीचा खर्च गृहिणीच्या फुप्फुसातून वसूल होतो, एवढेच माझे म्हणणे.

पूर्वी गावोगावी लाकडाच्या वखारी होत्या. तेथे बाभळीचे बंबफोड मिळे. ते फोडून, रचून, महिनोन् महिने उन्हात पडलेले असे आणि वजनावर विकले जाई. ओले लाकूड कोणी पदरात घातले तर ग्राहक भांडत असे, कारण तो पाण्याचे पैसे देत होता. आता अनेक गावांतून वखारी उठल्या. जळण येते ते आपल्या किंवा शेजाऱ्याच्या आवारातून : गुलमोहर, सोनमोहर, शेवगा, पांगारा, काटेसावर, देशी बदाम, सातवीण, पिचकारी, सुबाभूळ आणि लोक ज्याला अशोक म्हणतात तो आसोपालव. (हा आपला अशोक नव्हे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. अशोकाच्या सालीत याची साल मिसळणारे व्यापारी आपण सर्वांनी पाहिले आहेत.) यांपैकी बहुतेकांचे काष्ठ मऊ व हलके असते. या झाडांची छाटणी नेमकी वैशाख-ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर होते. विजेच्या तारांजवळच्या फांद्या याच काळात तोडल्या जातात आणि घरमालकही वादळाच्या भयाने तेव्हाच जागा होतो. फांद्या भिंतीशी पडतात, त्यांवर पाऊस पडतो, बुरशी धरते, आणि श्रावण-भाद्रपदात, जेव्हा दारे-खिडक्या बंद असतात आणि वातावरण मुळातच क्लिन्न असते, तेव्हा त्या चुलीत जातात.

आता शास्त्राकडे वळू. धूर हे श्वास-कासाचे कारण आहे, हे आपल्याला आधुनिकांनी शिकविलेले नाही. चरकाचार्यांनी हिक्का-श्वास चिकित्सिताध्यायात रज, धूम व वात यांना हेतूंच्या आरंभीच स्थान दिले आहे. सुश्रुताने कासाच्या हेतूंत धूमाचा उपघात प्रथम सांगितला आणि नेत्ररोगांच्या हेतूंतही धूमसेवन गणले. जनपदोद्ध्वंसनीय विमानात विकृत वायूची जी लक्षणे आहेत, त्यांत धूमाने उपहत असणे हे एक आहे. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात, अग्निकर्माच्या विवेचनाशेवटी, सुश्रुत ‘धूमोपहत’ रुग्णाचे जे वर्णन करतो ते पुन्हा एकदा काढून वाचावे, अशी माझी विनंती आहे. श्वास लागणे, शिंका, खोकला, डोळ्यांचा दाह व लाली, धुराखेरीज दुसरा गंध न कळणे, रसज्ञान व श्रवण मंदावणे, तृष्णा, दाह, ज्वर. ते वर्णन आगीत सापडलेल्या मनुष्याचे, म्हणजे तीव्र अवस्थेचे आहे. परंतु त्यातील अर्धी लक्षणे सौम्य व दीर्घकालीन रूपात आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर रोज बसलेली असतात.

याहून मार्मिक गोष्ट धूमपानविधीत आहे. चरकाचा धूम औषधी द्रव्यांचा आहे. वर्ती कशी करावी, नलिकेची लांबी किती असावी, किती वेळा ओढावा, सारे मोजून दिलेले आहे. असा औषधी धूमही अकाली वा अति सेवन केल्यास बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त, शिरोभ्रम होतात असे तोच सांगतो. ज्यांना तो निषिद्ध आहे त्यांच्या यादीत गर्भिणीचे नाव स्पष्ट आहे. मोजून-मापून दिलेला औषधी धूमही जिला नको, तिने सातव्या महिन्यात ओल्या पांगाऱ्यासमोर फुंकणी घेऊन तासभर बसावे काय? आपल्या गर्भिणीपरिचर्येच्या छापील पत्रकांत दूध-लोणी-तूप मासानुमासिक दिलेले असते. जळणाविषयी एक ओळ नसते.

येथे मला आपल्याच व्यवसायबंधूंशी थोडा वाद घालावयाचा आहे. अलीकडे ‘चुलीवरचे’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आली आहे. महामार्गावरील खानावळी तो फलकावर लिहितात, ते त्यांचे विपणन आहे. परंतु काही वैद्यही व्याख्यानांत चुलीचा धूर जंतुघ्न असतो, घर शुद्ध करतो, असे सांगताना मी ऐकले आहेत आणि आधार म्हणून धूपनाचा दाखला देतात. गुग्गुळ, वचा, निंब, सर्षप, राळ यांचे धूपन हा रक्षोघ्न विधी आहे. द्रव्य निवडलेले, काळ अल्प, उद्देश ठरलेला. सूतिकागारात व व्रणितागारात त्याचे स्थान आहे. शेवग्याच्या ओल्या दांड्यांचा दोन तास कोंडलेला धूर आणि हे धूपन यांना एकाच शब्दात बसविणे म्हणजे लोण्यात व डालड्यात फरक न करणे होय. भाकरीची चव चुलीवर अधिक रुचकर लागते, हे मलाही मान्य आहे. परंतु ती चव निखाऱ्याची आहे, धुराची नाही. भाकरी निखाऱ्यावरच फुगते.

ही निखाऱ्याची गोष्ट चरकाने नेमकी ओळखली होती. जेंताक स्वेदासाठी कूटागार तापवावयाचे तर खदिर किंवा अश्वकर्णादींची काष्ठे घ्यावीत, ती नीट जळून धूम नाहीसा झाला आहे अशी खात्री झाल्यावरच रुग्णाला आत न्यावे, असा त्याचा आदेश आहे. दोनच गोष्टी, काष्ठ सारवान असावे आणि धूम निघून गेलेला असावा. धुराच्या प्रश्नाविषयी याहून नेमके मार्गदर्शन मला तरी ठाऊक नाही.

तर मग मृदू काष्ठ जाळूच नये काय? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे, कारण लोकांत एक समज असा आहे की मऊ लाकूड म्हणजे धूर आणि कठीण लाकूड म्हणजे स्वच्छ आच. हा समज अर्धाच खरा आहे. वनस्पतिशास्त्रात ‘मृदू काष्ठ’ म्हणजे देवदार-चीड वर्गातील सूचिपर्णी वृक्ष; आपल्या अंगणात ते जवळजवळ नाहीतच. उलट सूचिपर्णी दिसणारा आपला किनाऱ्यावरचा सुरू हा अत्यंत जड व उत्तम जळाऊ आहे. सामान्य व्यवहारात आपण ज्याला मऊ म्हणतो ते अल्पसार काष्ठ. खदिरसार, बीजकसार म्हणताना आपण ज्याला सार म्हणतो तो गाभा त्यात नसतो किंवा नाममात्र असतो. बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरला सातशे-आठशे किलो भरते, तर पांगाऱ्याचे तीनशेच्या आसपास. म्हणून पांगाऱ्याची मोळी भराभर जळून जाते आणि निखारा टिकत नाही. परंतु वजनाला वजन धरले तर दोन्हींची उष्णता जवळपास सारखीच असते : पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे साधारण साडेचार हजार किलोकॅलरी. मऊ लाकडाचा दोष आकारमानाचा आहे, जातीचा नव्हे.

खरा दोष पाण्याचा. नुकत्याच तोडलेल्या फांदीचे निम्मे वजन पाण्याचे असते. शेवगा, पांगारा यांसारख्या रसाळ झाडांत त्याहूनही अधिक. म्हणजे एक किलो ओल्या जळणात लाकूड अर्धाच किलो. उरलेले अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे तीनशे किलोकॅलरी लागतात. हा तोटा आहेच, पण तोही मुख्य नव्हे. लाकूड तापले की त्यातून प्रथम वायू व बाष्पे सुटतात आणि त्यांनी पेट घेतला की ज्वाला दिसते. वाफेमुळे चुलीचे तापमान उतरले तर ही बाष्पे न पेटताच बाहेर पडतात, गार होऊन सूक्ष्म थेंब व कण बनतात, आणि त्यांनाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे न जळलेले जळण. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन, बेंझोपायरीन असतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भारताच्या २००९ च्या मानकानुसार अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. धुराडे नसलेल्या चुलीच्या खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो, हे वारंवार मोजले गेले आहे. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासातील धूर मोजून १९८३ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा विषय जगापुढे आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील फुप्फुसविकारावर लेख लिहून जैविक इंधनाच्या धुराला त्यात अग्रस्थान दिले.

म्हणून माझे मत असे की, गुलमोहराला वा सुबाभळीला दोष देऊन उपयोग नाही. सुबाभूळ तर मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने उरुळीकांचनहून चारा व सरपण यांसाठीच प्रसारित केली, आणि वाळल्यावर तिचे जळण चांगलेच आहे. विचारावयाचे ते झाडाचे नाव नंतर; आधी, ते केव्हा तोडले व कसे ठेवले. मऊ लाकडाचा एक गुण असा की ते लवकर वाळते. बाभळीच्या ओंडक्याला वर्ष लागते तेथे मनगटाएवढे फोडलेले पांगाऱ्याचे वा गुलमोहराचे लाकूड आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत कोरडे होते. अट एवढीच की ते फोडलेले असावे, कारण साल असलेल्या दांडक्यातील ओल मुख्यतः दोन टोकांतूनच बाहेर पडते. जमिनीवर न टाकता दोन आडव्या दांडक्यांवर रचावे. वरून पत्रा असावा, बाजू मोकळ्या असाव्यात. प्लास्टिक चहूबाजूंनी गुंडाळले की आत बुरशी आलीच. लाकूड वाळल्याची खूण आपल्या आजीला ठाऊक होती : दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणक आवाज येतो, ओले असेल तर बद्द वाजते. टोकाला चिरा पडतात, साल सुटते, हातात वजन लागत नाही.

मात्र काही झाडे कितीही वाळली तरी चुलीत घालू नयेत, आणि येथे वैद्याचे द्रव्यज्ञान उपयोगी पडते. कण्हेर ही सुश्रुताच्या मूलविषांत अश्वमार या नावाने आहे आणि रसग्रंथांच्या उपविषांतही. पांढरी, तांबडी आणि पिवळी अशा तिन्ही कण्हेरी बागेत सर्रास असतात व छाटणीत त्यांच्या काटक्या इतर काटक्यांत मिसळतात. कुंपणाचा शेर आणि निवडुंग यांचा क्षीर डोळ्यांना किती घातक हे सांगणे नको. त्यांचा धूरही डोळ्यांना झोंबतो. बिब्ब्याचा धूर लागून तोंड सुजलेला रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कोकणातील खाडीकाठच्या वैद्यबंधूंनी गेव्याचे नावही या यादीत घालावे. रंगविलेल्या फळ्या, प्लायवूड, जुन्या खिडक्या यांचा वेगळा उल्लेख केवळ एवढ्यासाठी की बंबात त्याही जातात.

‘गरिबाने मग काय करावे?’ असा आक्षेप येईल. आक्षेप योग्य आहे. ज्या घरी सिलिंडर भरून आणण्याची ऐपत नाही तेथे ‘लाकूड वापरू नका’ हा उपदेश म्हणजे पथ्याच्या नावाखाली उपास घडविणे आहे. त्या घराला सांगता येण्यासारखे पुष्कळ आहे : चूल छपराखाली पण भिंतीबाहेर घ्या, धुराडे बांधा, ओले लाकूड चुलीच्या मागे वाळत ठेवू नका तर उन्हात ठेवा, पेटवताना लहान कोरड्या ढलप्या घ्या म्हणजे फुंकावे लागणार नाही, तान्हे मूल पाठीशी बांधून चुलीपुढे बसू नका. हे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण परीक्षेत लिहून आलो. श्वासाच्या रुग्णाला अवलेह देऊन हेतू तसाच चालू ठेवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी थोडे वेगळे, कारण त्यांच्यापैकी ज्यांच्या भट्ट्या आजही लाकडावर आहेत त्यांना जळण स्वस्त मिळवण्याचा मोह होतो, आणि शहरात छाटणीचे लाकूड जवळजवळ फुकट मिळते. क्वाथ मंद अग्नीवर, तोंड न झाकता उकळण्याचा आपला संकेत आहे. उघड्या कढईवर ओल्या लाकडाचा धूर फिरत असेल तर तो काढ्यात उतरणारच. तेल-तूप सिद्ध करताना तर अधिक, कारण स्नेह गंध लगेच धरतो. आसवाला वा घृताला धुरकट वास येतो अशी तक्रार विक्रेत्याकडून आली की आपण कच्च्या मालाला दोष देतो. पाकाची बाबही तशीच. मृदू, मध्यम व खर पाकांतील अंतर थोड्या वेळाचे असते. ओले लाकूड आधी विझू-विझू करते आणि वाळताच भडकते, मग मध्यमपाकाच्या तेलाचा खरपाक होतो. ज्या परंपरेने महापुटाला खाली सहस्र व वर पाचशे वनोपले मोजून दिली, तिने अग्नी हा घटकद्रव्याइतकाच मोजावयाचा असतो हे गृहीत धरले होते. जून २००० मध्ये लागू झालेल्या अनुसूची ‘टी’ने भट्टीविभागाला पत्र्याचे छप्पर चालेल असे म्हटले, पण वायुवीजन योग्य असावे हेही म्हटले आहे. निरीक्षक येणार म्हणून पंखा बसविला जातो. त्या धुरात आठ तास उभा राहणारा कामगार मात्र कोणाच्या नोंदवहीत नसतो. ज्यांना गॅस वा वाफेचे बॉयलर परवडते त्यांनी ते घ्यावेत. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे वजनकाटा तरी आहे. आलेल्या लाकडातील एक फोड खूण करून दर आठवड्यास तोलावी. वजन उतरणे थांबले की ढीग भट्टीस योग्य, त्याआधी नाही. आपण वनस्पतींची आर्द्रता तपासतो, जळणाची का तपासू नये?

आता संघटनेने काय करावे याविषयी दोन सूचना. पहिली रुग्णपत्रकाची. शाखांमार्फत जे छापील पत्रक सदस्यांना दिले जाते त्यात व्यसनांच्या रकान्याखाली ‘घरातील धूर’ असा स्वतंत्र रकाना असावा : स्वयंपाकाचे जळण, पाण्याचे जळण, लाकूड ओले की वाळलेले, चुलीपुढे रोज किती तास, किती वर्षे. शेवटचे दोन आकडे विडीच्या आकड्यांइतकेच निदानोपयोगी आहेत.

दुसरी सूचना छाटणीच्या काळाची. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली झाला आणि शहरांत वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीनेच झाड तोडता येते. फांद्यांच्या छाटणीचे अर्जही त्याच कार्यालयात जातात. ही नियमित छाटणी वैशाखाऐवजी पौष-माघात व्हावी, म्हणजे निघालेल्या लाकडाला आपोआप तीन महिने ऊन मिळेल, असे पत्र प्रत्येक शाखेने कार्तिकातच आपल्या नगरपालिकेस व वीज कार्यालयास द्यावे. तोडलेले लाकूड रस्त्याकडेला न टाकता एका जागी फोडून, कण्हेर व शेर वेगळे काढून ठेवावे, ही मागणीही त्यात असावी. वेगळे काढण्यासाठी झाडे ओळखणारा मनुष्य लागेल. तो नगरपालिकेकडे नसेल तर आपल्यापैकी कोणीतरी एक सकाळ देण्यास हरकत नसावी.